तळ्याकाठच्या पायवाटेची डागडुजी: आधी पाणी काढा

पायवाटेवर चिखल दिसला की पहिला हात मातीच्या घमेल्याकडे जातो. तो आवरा. खड्ड्यात टाकलेली भुसभुशीत माती पाणी पिते आणि पुढच्या पावसात चिखल दुप्पट होतो. म्हणून पाहणी शक्यतो पावसातच करावी. पाणी कुठे शिरतं आणि कुठे अडतं, हे तेव्हाच कळतं. जागेच्या मालकाची परवानगी मात्र त्याआधी घ्या.

बहुतेक ठिकाणी दोष तळ्याकडच्या कडेला असतो. चालून चालून वाटेचा मध्य दबतो, माती बाजूला सरकते आणि तिचा वरंबा पाण्याला आत कोंडतो. उकिडवं बसून नजर वाटेच्या पातळीला आणा, म्हणजे चार बोटं उंचीचा वरंबाही लगेच दिसेल. तो फावड्याने पूर्ण काढा. वाटेला बाहेरच्या, म्हणजे तळ्याकडच्या बाजूला दर मीटर रुंदीला चार-पाच सेंटिमीटर उतार द्या. जास्त दिलात तर ओल्यात पाय घसरतो. सखल जागी अरुंद चर खणू नका, तो पालापाचोळ्याने लगेच तुंबतो. त्याऐवजी तीनेक मीटर लांबीचा, बशीसारखा पसरट अर्धगोल बाहेरच्या कडेला खरवडा. निघालेली माती तळ्यात ढकलू नका. पाणी गढूळ होतं. ती काठापासून लांब, सपाटीवर पातळ पसरा.

वाट तळ्याच्या पातळीलाच असेल तर उतार देऊन काही होत नाही. तिथे मोठे चपटे दगड निम्म्याहून जास्त गाडून बसवा. दगडाच्या कडेवर उभं राहून पाहा. जराही डुगडुगला तर उपसून पुन्हा बसवायचा.

आठ-दहा जणांची तुकडी पुरते. कुदळ चालवणाऱ्यांत किमान तीन मीटर अंतर हवंच. अवजार खांद्यावर नको. उताराकडच्या हातात, पातं खाली ठेवून धरा, म्हणजे तोल गेला तर ते बाहेर टाकता येतं. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने जा आणि शेवटी एक जाणता माणूस ठेवा. डबकं आलं तर एका रांगेत मधूनच जा, कारण प्रत्येक वळसा वाट रुंदावतो आणि काठचं गवत मारतो. दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी बूट-अवजारं धुऊन पूर्ण वाळवा. चिकटलेल्या चिखलातून उपद्रवी पाणवनस्पती पसरतात.

काम झाल्यावर वाटेवर बादलीभर पाणी ओता. ते वाटेच्या लांबीने धावू लागलं, तर बाहेरची कड आणखी खरवडायला हवी.