बारीक भुकटीला लेप देण्याच्या पद्धतीचं पेटंट कसं मागावं

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या छोट्या युनिटने टायटॅनियम डायऑक्साइडवर (रंगात घालतात ती पांढरी भुकटी) सिलिकाचा लेप चढवायची नवी रीत बसवली असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी प्रयोगवही उघडा. नुसता 'सिलिकाचा लेप' मागून पेटंट मिळणार नाही. कणांवर सिलिकाचं घट्ट कवच चढवण्याचं अमेरिकी पेटंट ड्यूपॉन्टच्या आयलर यांना 1959 मध्येच मिळालंय. तुमची पायरी त्याहून वेगळी कुठे, तेवढंच मागायचं.

ती पायरी आकड्यांत लिहा. समजा, पीएच 9 च्या आसपास, तापमान 90 अंश, सोडियम सिलिकेट आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिड दोन नळ्यांतून एकाच वेळी, सावकाश. ॲसिड घाईने पडलं की सिलिका कणांवर न बसता मोकळी जेल होते. मिश्रण दाटतं, फिल्टर तुंबतो, वाळवल्यावर खडे होतात. ही फसलेली बॅच वहीतून खोडू नका. तिचा वेग, तापमान आणि फोटो चांगल्या बॅचशेजारी तुलनेसाठी द्या. 'हे कुणालाही सुचलं असतं' असा आक्षेप पेटंट कार्यालयाचा परीक्षक घेतो, तेव्हा तीच बॅच कामी येते.

जाडीचा हिशेब जुळला पाहिजे. 0.25 मायक्रॉनच्या कणावर 3 नॅनोमीटरचा सलग थर म्हणजे वजनाच्या साधारण 3.5 टक्के सिलिका. 1 टक्का सिलिका आणि 5 नॅनोमीटर थर असं लिहिलंत, तर एक आकडा चुकलाच आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो काढून घ्या. चांगल्या लेपात गडद कणाभोवती फिकट, सलग कड दिसते. सुटी सिलिका गुठळ्यांसारखी वेगळी पडलेली असते.

क्लेम म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ते सांगणारं कलम. पहिल्या क्लेममध्ये आकड्यांच्या मर्यादा जरा रुंद ठेवा, पुढच्या क्लेममध्ये आवळत जा. रुंद मर्यादेच्या दोन्ही टोकांना एकेक प्रयोग हवाच. 10 क्लेम आणि 30 पानांपर्यंत जादा फी लागत नाही.

आपल्याकडचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाकडे ऑनलाइन जातात. फॉर्म 1, 2, 3 आणि 5 लागतात. उद्यम नोंदणी असेल तर छोटा उद्योग असल्याचा फॉर्म 28 जोडा, म्हणजे अर्जाची फी 1600 रुपयेच पडते. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरतं वर्णन) भरलं तर 12 महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे क्लेमसकट सविस्तर वर्णन, द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलंच नाही, त्याला प्रोव्हिजनलची जुनी तारीख मिळत नाही, म्हणून आकडे तिथेच टाका. तपासणीसाठी फॉर्म 18 वेगळा, पहिला अर्ज भरल्याच्या तारखेपासून 31 महिन्यांच्या आत.

अर्ज दाखल होईपर्यंत प्रदर्शनात माहितीपत्रक वाटू नका. रंगवाल्या गिऱ्हाइकाला नमुना द्यायचाच झाला, तर गोपनीयतेचा करार करूनच द्या.

आणखी एक. दुसऱ्याच्या बंद शेडमध्ये कोणती पद्धत चालते, हे सिद्ध करणं फार अवघड. तुमच्या भुकटीत मोजता येईल असा वेगळा गुण असेल, तर तिच्यासाठीही स्वतंत्र क्लेम मागा.