ग्राफिक्स कार्ड बदलताय? आधी कॅबिनेट उघडा आणि या चुका टाळा

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. कॉम्प्युटर दुरुस्त करायला जमतं हे ओळखीतल्यांना ठाऊक असल्यामुळे सुटीच्या दिवशी कुणी ना कुणी कॅबिनेट उचलून घरी येतं. मागच्या उन्हाळ्यात मावसभावाचा मुलगा आला. बारावीनंतर वडिलांनी त्याला आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलं होतं. चेहरा पडलेला. "काका, गेम चालू केला का पाच मिनिटांत पीसी बंद पडून राह्यला. कार्डच खराब निघालं वाटते."

कार्ड उत्तम होतं. खराब होता तो कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरला वीज देणारा डबा. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं होतं, पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत १४ अँपिअर होते. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. एकटं आरएक्स ६६०० जोर लावून चालताना १३२ वॅटपर्यंत घेतं आणि त्याचा प्रोसेसर ६५ वॅटचा. दुकानात त्याने विचारलं होतं, चालेल का. "चालते ना, आरामात चालते," एवढंच उत्तर मिळालं. एसएमपीएसचा तक्ता कुणी वाचलाच नाही.

आपल्याकडे लोक कार्ड आधी निवडतात आणि बाकीचा कॉम्प्युटर त्याच्यामागे फरफटत नेतात. माझं म्हणणं उलट आहे. एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर, मॉनिटर आणि कॅबिनेटमधली जागा या पाच गोष्टी कागदावर लिहा. मग कार्डाचं नाव बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. पंधरा ते पंचवीस हजारांचं बजेट असलेल्या घरात हे पैसे सहज आलेले नसतात, म्हणून मी यावर इतका अडून बसतो.

एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचून निर्णय घेणं

या एकाच चुकीपायी सगळ्यात जास्त पोरं माझ्याकडे येतात, म्हणून इथे जरा थांबतो.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यावर लागणारी वीज एसएमपीएसच्या केबलमधून येते: ६ पिनची जोडणी ७५ वॅटसाठी, ८ पिनची १५० वॅटसाठी. तुमच्या एसएमपीएसला ८ पिनची पीसीआय केबलच नसेल, तर तो या कामासाठी बनलेला नाही, एवढं साधं आहे. तिथे कन्व्हर्टर लावून वेळ मारून नेऊ नका. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, जोडणीतून १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट सुरक्षितपणे जाऊ शकतात आणि बाजारात साटावरून ८ पिन करणारे कन्व्हर्टर सर्रास मिळतात. वितळून काळ्या पडलेल्या अशा जोडण्या मी स्वतः उपसून काढल्या आहेत. घराला आग लागण्याचा हा धोका आहे.

आरएक्स ६६०० साठी कंपनी ४५० वॅटचा, आरटीएक्स ३०६० आणि ४०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. हे आकडे प्रामाणिक एसएमपीएससाठी आहेत. १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते पाहा, त्याला १२ ने गुणा आणि येणारा आकडा खरा वॅटेज समजा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये हा गुणाकार ५०० च्या पुढे जातो. त्याला चार-पाच हजार लागतात. बजेट वीस हजारांचं असेल तर पंधराचं कार्ड आणि पाचचा एसएमपीएस घ्या. वीसचं कार्ड जुन्या एसएमपीएसवर लटकवू नका.

एसएमपीएस बदलताच येत नसेल तर? ऑफिसमधून निघालेले जुने ब्रँडेड कॉम्प्युटर आपल्याकडे बरेच विकले जातात. त्यांचा एसएमपीएस वेगळ्याच आकाराचा असतो, वीज कमी देतो आणि बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. तिथे केबल न लागणारं कार्डच शोधा. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ७० वॅटचं आहे आणि त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी केबल लागत नाही. कॅबिनेट अगदी बारीक असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) मॉडेल मागा.

जीबी पाहून किंवा नुसतं नाव पाहून कार्ड घेणं

"४ जीबीचं कार्ड आहे" हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा, कोणतं? जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड. त्याला ४ जीबी मेमरी लावली म्हणून ते गेमिंगचं होत नाही. हळू चालणाऱ्या चिपला मोठी मेमरी देणं म्हणजे लुनाला ट्रकचा डाला जोडणं.

नावातला सापळा आणखी वाईट. जीटी १०३० दोन प्रकारचं आहे. २०१७ च्या जीडीडीआर५ मेमरीवाल्याचा वेग सेकंदाला ४८ जीबी, तर वर्षभराने आलेल्या डीडीआर४ वाल्याचा १६.८. डब्यावर नाव तेच. आरटीएक्स ३०५० चंही असंच: ८ जीबीवाल्यात २,५६० कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारी वाट), ६ जीबीवाल्यात २,३०४ कोअर आणि ९६ बिटची. फरक नुसता २ जीबीचा नाही, ६ जीबीवालं कार्डच हळू आहे. ७० वॅटची गरज असेल तर ते जरूर घ्या, पण ८ जीबीवाल्याचे पैसे त्याला देऊ नका. वापरलेल्या बाजारात आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८ एसपी लिहिलेलं कार्ड दिसतं. मूळ आरएक्स ५८० मध्ये असे २,३०४ कोअर असतात, यात २,०४८.

आज नवीन कार्ड घेत असाल तर ८ जीबीच्या खाली उतरू नका, असं माझं ठाम मत आहे. वर सांगितलेली ७० वॅटची अडचण हाच एक अपवाद. आणि रे ट्रेसिंगला, म्हणजे गेममधला प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याला, आता चैन म्हणून चालत नाही. मे २०२५ मध्ये आलेला 'डूम: द डार्क एजेस' रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय चालतच नाही, त्यामुळे जीटीएक्स १६५० वाल्यांसाठी त्याचं दार बंद आहे.

स्लॉट बसला म्हणजे झालं, असं समजणं

स्लॉट लांबीने सारखा दिसतो, आतल्या वाटा सारख्या नसतात. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं. पीसीआय एक्सप्रेस (हा स्लॉटचा प्रकार) ४.० पिढीच्या बोर्डावर त्याला सेकंदाला सुमारे ८ जीबीची वाट मिळते, ३.० वर ४ जीबी, आणि आपल्याकडे अजून ढिगाने असलेल्या एच८१ बोर्डावर, जो २.० वरच थांबतो, फक्त २ जीबी. वर या कार्डाची मेमरी ४ जीबीच. ती भरली की गेमला सारखं रॅमकडे धावावं लागतं आणि वाट अरुंद, म्हणून चित्र धक्के खातं. रायझन ३२००जी वाल्यांनीही हे लक्षात ठेवावं, तो प्रोसेसर ३.० च्या पुढे जात नाही. या कार्डात व्हिडिओ एन्कोडरही (रेकॉर्डिंगचं काम करणारा भाग) नाही, त्यामुळे गेम रेकॉर्ड करून टाकायची हौस असेल तर ते नकोच. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही ८ लेनची आहेत. जुन्या बोर्डावर त्यांचंही थोडं नुकसान होतं, पण ते सोसता येतं.

इंटेलचं आर्क बी५८० पैशाच्या मानाने भरपूर देतं, १२ जीबी मेमरीसकट. मात्र त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू लागते. इंटेलच्या दहाव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर त्या कार्डाचा विचार सोडा.

प्रोसेसर आणि मॉनिटरला न विचारणं

पैसे न खर्चता करता येणारी ही परीक्षा आहे. तुमचा नेहमीचा गेम सुरू करा, एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने कार्डाचा वापर किती टक्के आहे ते पडद्यावर आणा. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर उतरवा. एफपीएस (सेकंदाला तयार होणारे फ्रेम) जवळपास तेवढेच राहिले आणि कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवरच रेंगाळत असेल, तर अडतंय ते प्रोसेसरपाशी. नवीन कार्ड टाकून काहीही बदलणार नाही. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना हे फार लागू पडतं. त्यातच रॅमची एकच ८ जीबीची काडी असेल तर आधी तशीच दुसरी टाका, दोन चॅनल सुरू झाले की धक्के बरेच कमी होतात.

मॉनिटर ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) असेल तर १४० एफपीएस देणाऱ्या कार्डाचे निम्मे फ्रेम डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. मॉनिटरला फक्त जुनं व्हीजीए पोर्ट असेल तर नव्या कार्डांना तो थेट जोडता येत नाही. चांगला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, नाहीतर मॉनिटरसाठी पैसे बाजूला काढा.

आणि टेप घेऊन कॅबिनेट मोजा. जुन्या कॅबिनेटात हार्ड डिस्कचा पिंजरा नेमका कार्डाच्या वाटेत असतो.

वापरलेलं कार्ड फोटो पाहून घेणं

वापरलेल्या कार्डाला माझा विरोध नाही. ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला थांबलं आणि त्यानंतर अनेक चांगली कार्डं स्वस्तात आली. बेतानं चालवलेलं मायनिंगचं कार्ड धूळ खात पडलेल्या कार्डापेक्षा बरंही असू शकतं. त्याचे पंखे आणि थर्मल पेस्ट मात्र थकलेले असतात.

विकणाऱ्याच्या घरी जा. सीताबर्डीच्या बाजारात चहाच्या टपरीवर हातात डबा घेऊन व्यवहार करू नका. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. जुन्या चिपला नवं नाव दिलेली बनावट कार्डं तो बऱ्याचदा पकडतो आणि नावाआधी 'फेक' दाखवतो. मग वीस मिनिटं खरा गेम चालवा, तापमान पाहा, पंख्याचा आवाज ऐका, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का बघा. स्क्रूंचे माथे झिजलेले असतील तर कार्ड उघडलेलं आहे. का उघडलं ते विचारा.

जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० ने आपल्या पिढीला खूप दिलं, पण आता ती घेऊ नका. कार्डांच्या या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. पाच-सहा हजार वाचतात खरे, पण तेवढेच दोन वर्षांत पुन्हा घालावे लागतात.

नागपूरचा मे महिना विसरणं

परदेशातले रिव्ह्यू एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. कार्डाचं तापमान खोलीच्या वर चढतं: डिसेंबरात २२ च्या खोलीत ७० वर असलेलं कार्ड मेच्या ३८ च्या खोलीत ८५ च्या पुढे जाईल आणि स्वतःचा वेग कमी करेल. म्हणून इथे एक पंख्याचं आखूड मॉडेल टाळा, दोन पंख्यांचं घ्या. कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा पंखा असू द्या.

डेझर्ट कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. खोली गार होते हे खरं, पण ती ओली हवा धुळीला चिकट करते आणि जूनपर्यंत हीटसिंकवर (कार्ड गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) नमद्यासारखा थर बसतो. मार्चच्या शेवटी एकदा ब्लोअरने साफसफाई करा, पंख्याची पाती बोटाने धरून. उन्हाळ्यापुरती आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणा आणि गेमचे एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झइतकेच बांधून ठेवा. खेळताना फरक जेमतेम कळतो, कार्ड मात्र बरंच थंड राहतं.

लावलं, पण चालत नाही

पडदा काळा असेल तर सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे आहे ते पाहा. ती मदरबोर्डच्या पोर्टात राहून जाते, कार्डाच्या पोर्टात हवी. मग कार्डाची वीजकेबल, मग कार्ड काढून खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवणं, मग रॅम काढून घालणं. तरीही काळाच असेल तर जुनं कार्ड किंवा प्रोसेसरचा डिस्प्ले वापरून बायोस अपडेट करा. जुन्या बोर्डावर नवं कार्ड न उठण्याचं कारण बरेचदा तेच असतं.

गेममध्ये अचानक पूर्ण बंद किंवा रिस्टार्ट होत असेल आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसत असेल, तर संशय एसएमपीएसवर. वीज जाताना यूपीएस असूनही बंद पडत असेल तर यूपीएसची बॅटरी तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, आणि बॅटरी थकली की गेमचा भार त्याला सोसत नाही.

कॉम्प्युटर चालू राहून फक्त गेम बाहेर फेकला जात असेल तर ड्रायव्हर. इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये डीडीयू या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, मग नवा टाका. एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट जाताना तर हे आधीच करा.

एवढं करूनही जमलं नाही तर मित्राच्या, चांगला एसएमपीएस असलेल्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड लावून बघा. तिथेही तोच त्रास असेल तरच वॉरंटीसाठी जा. बिलावर जीएसटी क्रमांक आणि कार्डाचा सिरियल नंबर दोन्ही छापून घेतलेले असले पाहिजेत, ते खरेदीच्या दिवशीच बघा.

मावसभावाच्या मुलाचं कार्ड आम्ही तसंच केलं. शेजारच्या पोराच्या कॉम्प्युटरवर तासभर गेम चालवला, एकदाही बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी तो नवा एसएमपीएस घेऊन आला. डबा उघडण्याआधी त्याने तक्ता माझ्यापुढे धरला आणि १२ व्होल्टच्या रांगेवर बोट ठेवून गुणाकार स्वतःच करून दाखवला.