कॉकपिटमध्ये कॅमेरा आणि टॅबलेट एकत्र वापरताना वाय-फायची व्यवस्था

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर धावपट्टी ३२ साठी डाउनविंडवर (उतरण्यापूर्वी धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडताना) असताना माझ्या टॅबलेटच्या नकाशावरून आसपासची विमाने एकाएकी नाहीशी झाली. त्यामागचे कारण उतरल्यावरच कळले. कॅमेऱ्याचे ॲप मागे चालू राहिले होते, त्याने कॅमेऱ्याच्या वाय-फायला जोडण्याची परवानगी विचारली, माझे बोट सवयीने होकारावर पडले आणि टॅबलेटने एडीएस-बी रिसीव्हरचे (आसपासच्या विमानांनी पाठवलेले स्थानाचे संदेश पकडणाऱ्या उपकरणाचे) वाय-फाय सोडून कॅमेऱ्याचे धरले. बिघाड कुठेच नव्हता; सगळी उपकरणे नेमून दिल्याप्रमाणेच वागली होती.

ॲक्शन कॅमेरा आणि स्ट्रॅटक्ससारखा रिसीव्हर हे दोघेही स्वतःचे वाय-फाय तयार करतात आणि टॅबलेट एका वेळी त्यांपैकी एकालाच जोडलेला राहू शकतो. ब्लूटूथला ही अडचण नसते, कारण त्यावर हेडसेट, बाहेरचा जीपीएस आणि रिमोट एकाच वेळी चालतात. म्हणून टॅबलेटचे वाय-फाय केवळ रिसीव्हरसाठी राखून ठेवावे, जीपीएस शक्यतो ब्लूटूथवर घ्यावा आणि कॅमेऱ्याचे ॲप फोनवर ठेवून टॅबलेटवरून काढूनच टाकावे. ज्या आयपॅडमध्ये सिमची सोय नसते त्यात जीपीएस चिपही नसते. अशा आयपॅडला स्थान रिसीव्हरकडूनच मिळत असेल, तर वाय-फाय तुटताच विमानांसोबत स्वतःचे स्थानही जाते.

परवानगीचा विषय मात्र या सर्वांच्या आधी येतो. विमान नियम, १९३७ मधील नियम १३ नुसार शासकीय विमानतळावर किंवा उडत्या विमानातून छायाचित्रण करण्यास लेखी परवानगी लागते, आणि सोनेगावला तर वायुसेनेचाही तळ आहे. त्यामुळे परवानगी हाती येईपर्यंत कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा आणि विमानात कोणती उपकरणे चालू ठेवता येतील हेही प्रशिक्षकांना आधीच विचारून घ्यावे.

जोडणीचे काम हँगरमध्ये (विमाने ठेवण्याच्या शेडमध्ये), इंजिन सुरू होण्यापूर्वी उरकावे. प्रथम टॅबलेटच्या वाय-फाय सेटिंगमध्ये घरचे, फ्लाइंग क्लबचे आणि कॅमेऱ्याचे अशी ओळखीची सर्व नावे शोधून प्रत्येकाचे 'ऑटो-जॉईन' बंद करावे आणि फक्त रिसीव्हरचे चालू ठेवावे. असे न केल्यास हँगरजवळ टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, टॅबलेट क्लबच्या वाय-फायकडे ओढला जातो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. अँड्रॉइड टॅबलेट असल्यास रिसीव्हरला जोडल्यावर 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही' अशी सूचना येते. तेथे जोडलेलेच राहण्याचा आणि पुन्हा न विचारण्याचा पर्याय निवडावा, अन्यथा टॅबलेट मोबाईल डेटाकडे वळतो.

त्यानंतर कॅमेऱ्याकडे वळावे. चित्राची चौकट फोनवर पाहून पक्की करावी, स्क्रीनला कुलूप लावावे आणि कॅमेऱ्याचे वाय-फाय बंद करावे. त्यामुळे बॅटरी वाचते आणि ॲपला मध्येच काही विचारण्याचे कारणही उरत नाही. गोप्रोमध्ये क्विककॅप्चर चालू ठेवल्यास शटर एकदा दाबले की कॅमेरा सुरू होऊन चित्रीकरण चालू होते आणि पुन्हा दाबले की बंद होते. मी इंजिन सुरू करण्यापूर्वीच ते दाबतो आणि इंजिन बंद झाल्यावरच पुन्हा हात लावतो. अर्धा तास नुसते टॅक्सीचे चित्रीकरण झाले तरी मेमरी कार्ड स्वस्त आहे. आवाजाने आज्ञा देण्याची सोय सेस्ना या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या इंजिनापुढे फारशी कामाची नाही. हवेतच चालू-बंद करायचे असेल, तर ब्लूटूथवर चालणारा रिमोट उत्तम. कॅमेरा पंखाखाली लावायचा असल्यास विमानाचे धातूचे आवरण रिमोटचे संदेश अडवते, शिवाय कॅमेरा बाहेर बसवण्यासाठी अभियंत्याची मंजुरीही लागते. नवख्यांनी कॅमेरा आतच ठेवावा आणि होकायंत्रापासून दूर ठेवावा.

कॅमेऱ्याचे वाय-फाय चालू ठेवणे भागच असेल आणि त्यात ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल, तर तो निवडावा, कारण २.४ गिगाहर्ट्झवर रिसीव्हर आणि ब्लूटूथ यांची आधीच गर्दी असते.

विजेच्या बाबतीत माझी फजिती झाली आहे. सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला मोटारीचा स्वस्त चार्जर लावताच हेडसेटमध्ये अशी घरघर सुरू झाली की टॉवरचे अर्धे शब्द कळेनात. चार्जर उपसला आणि घरघर थांबली. अशा चार्जरमधील स्विचिंगचा गोंगाट व्हीएचएफ रेडिओत शिरतो. शिवाय सेस्ना १५२ ची विद्युत प्रणाली २८ व्होल्टची असते, तेव्हा फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेला चार्जर त्यात लावूच नये. त्यापेक्षा पॉवर बँक बरी. ती मात्र उन्हात पडू देऊ नये. आयपॅडच्या वापरासाठी ॲपलने ३५ अंशांची कमाल मर्यादा दिली आहे आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो, म्हणून टॅबलेट काचेला चिकटवण्याऐवजी मांडीवर सावलीत ठेवावा.

सर्व जोडून झाल्यावर हँगरबाहेर दहा मिनिटे सगळी उपकरणे एकाच वेळी चालू ठेवावीत, कॅमेरा दोनदा चालू-बंद करून पाहावा आणि रिसीव्हर टॅबलेटवर टिकतो का, रेडिओवर खरखर येते का, हे तपासावे. रिसीव्हरवर काय दिसत नाही याचीही जाण हवी. अमेरिकेत जमिनीवरील केंद्रांकडून ९७८ मेगाहर्ट्झवर हवामानाची माहिती मिळते, भारतात ती सोय नाही. येथे १०९० मेगाहर्ट्झवर फक्त तीच विमाने दिसतात जी स्वतः एडीएस-बी संदेश पाठवतात. साधा ट्रान्सपॉन्डर (फक्त रडारला उत्तर देणारे यंत्र) असलेले दुसरे प्रशिक्षण विमान पडद्यावर येणारच नाही, म्हणून त्या दिवशी नकाशा कोरा झाला तरी माझे काम बदलायला नको होते: बाहेर पाहणे आणि रेडिओवर ऐकणे.

हवेत जोडणी तुटलीच, तर सेटिंग उघडू नये. सहवैमानिक असल्यास टॅबलेट त्यांच्या हाती द्यावा, एकटे असल्यास पालथा ठेवावा. कॅमेऱ्यातील चित्रफिती फोनवर घेण्याचे काम विमान बांधून, लॉगबुक भरून झाल्यावर हँगरच्या सावलीत करावे.