हळदीचा साठा आता जुळतो

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या मसाला कारखान्यात जुना बिलिंग प्रोग्राम होता. बिलं चोख निघायची, पण गोदामातला माल आणि कॉम्प्युटरमधला आकडा जुळत नसे. धंदा वाढला तशी तफावतही वाढली.

नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी मी गोदामातच बसलो. वायगाव हळकुंडाचं पोतं वजन करून आत येतं. पॉलिश करताना साल-माती जाते, दळताना ओल उडते. या घटीला जुन्या प्रोग्रामात जागाच नव्हती. शिवाय एकच माल ‘हळद पावडर’, ‘हळद पा.’, ‘हल्दी 200’ अशा तीन नावांनी चढलेला.

टॅलीप्राइम हे हिशेबाचं आणि साठ्याचं सॉफ्टवेअर घेतलं, पण आधी नावांची यादी साफ केली. काम कंटाळवाणं आहे. तरी माझ्या मते निम्मी दुरुस्ती तिथंच होते. मग प्रत्येक दळणाची टॅलीतल्या मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमध्ये, म्हणजे उत्पादनाच्या नोंदवहीत, नोंद: हळकुंड किती गेलं, पावडर किती आली. पाकिटावर बॅच नंबर एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने छापावाच लागतो. तोच इथेही टाकला. आता परत आलेलं पाकीट कोणत्या लॉटचं, ते लगेच सापडतं.

गोदामातल्या काकांनी विचारलं, “भाऊ, चक्कीखालची झाडलेली भुकटी कुठं मांडू?” प्रश्न रास्त होता. तिला वेगळं नाव देऊन तीही वजनावर घेतली.

सुरुवात 1 एप्रिलला केली, प्रत्यक्ष मोजलेला साठा चढवून. जुने साठ्याचे आकडे आणलेच नाहीत. लाइट जाते, म्हणून यूपीएस आणि रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप.