क्रूझ जहाजावरची आग, ब्लॅकआउट आणि तपासणी : या चुका टाळा

प्रवासी जहाजावर नव्याने रुजू होणाऱ्या इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन आणि फायर पेट्रोलवर लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. जहाज बदलतं, कंपनी बदलते, चुका मात्र त्याच राहतात. बहुतेकांचं मूळही एकच असतं : तपासणी म्हणजे साहेबांना दाखवायचं काम, हा समज. क्लासचा (जहाजाला दर्जा देणाऱ्या संस्थेचा) सर्व्हेयर किंवा पोर्ट स्टेट कंट्रोलचा (बंदरात परदेशी जहाजं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) अधिकारी सकाळी चढतो आणि संध्याकाळी उतरून जातो. आग लागते तेव्हा जहाजावर तुम्ही असता. तुमच्या भरवशावर तीन-चार हजार माणसं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना इंजिन रूम पुढे आहे की मागे, हेही माहीत नसतं.

अलार्म आला की हाताचं बोट रीसेटवर

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. डिटेक्टरचा अलार्म येतो, बझर किंचाळायला लागतो. वॉचवरचा (पाळीवरचा) माणूस ॲक्नॉलेज दाबतो, इथपर्यंत ठीक आहे. ॲक्नॉलेजने फक्त आवाज थांबतो, नोंद पॅनेलवर तशीच राहते. पण पाठोपाठ बोट रीसेटवर जातं. खोटाच असणार, परत आला तर बघू. रीसेट दाबलं की पॅनेल आतापर्यंतचं सगळं विसरतं. इंजिन रूममध्ये जनरेटरवर पाण्याचं बारीक धुकं मारणारी जी यंत्रणा असते, ती बऱ्याच जहाजांवर एका डिटेक्टरने सुटत नाही. दुसऱ्या डिटेक्टरने दुजोरा दिला तरच सुटते. पहिल्याची नोंदच पुसली, तर दुसरा दुजोरा देणार कशाला?

8 नोव्हेंबर 2010 रोजी ‘कार्निव्हल स्प्लेंडर’वर नेमकं हेच झालं. जहाज मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर, पॅसिफिकमध्ये होतं. मागच्या इंजिन रूममध्ये पाच नंबरच्या डिझेल जनरेटरचं इंजिन फुटलं आणि तेल पेटलं. ब्रिजवर (जहाज हाकण्याच्या खोलीत) अलार्म आला आणि पॅनेल रीसेट झालं. त्यापायी धुक्याची यंत्रणा आपोआप सुरू व्हायला 15 मिनिटं उशीर झाला, असं अमेरिकन कोस्ट गार्डच्या चौकशी अहवालात नोंदलेलं आहे. तोवर आग जनरेटरच्या डोक्यावरून जाणाऱ्या केबलपर्यंत पोचली होती. पुढची इंजिन रूम शाबूत होती, तिथले जनरेटरही शाबूत होते, पण केबल जळाल्यामुळे अख्ख्या जहाजाची वीज गेली. जवळपास साडेचार हजार माणसं अंधारात राहिली आणि जहाज टगने ओढत सॅन दिएगोला न्यावं लागलं. कोणाचा जीव गेला नाही.

तो अहवाल एकदा शांतपणे वाचाच, कारण पुढेही तशीच साखळी आहे. आग विझली की नाही याची खात्री होण्याआधी इंजिन रूममध्ये हवा खेळवली गेली आणि आग पुन्हा भडकली. मग सीओटू (आग विझवणारा कार्बन डायऑक्साइड वायू) सोडायला गेले तर सीओटू सुटलाच नाही. रिमोटने व्हॉल्व्ह उघडेना, पाइपांच्या जोडांतून गळती. या यंत्रणेचीही तपासणी होत असेच आणि कागद व्यवस्थित भरलेले असत.

नवी मुलं म्हणतात, दिवसातून इतके खोटे अलार्म येतात, प्रत्येकासाठी कुठे धावणार? धावायचंच. कोणाच्या शॉवरची वाफ असेल, गॅलीत (स्वयंपाकघरात) काहीतरी करपलं असेल, पण हे बसल्या जागेवरून कळत नाही. माझी पद्धत साधी आहे. ॲक्नॉलेज करायचं, रेडिओ देऊन माणूस पाठवायचा आणि जागेवर उभं राहून डोळ्यांनी बघणाऱ्याचा आवाज रेडिओवर आल्याशिवाय रीसेटला हात लावायचा नाही. माझ्या वॉचवर हा नियम मोडणाऱ्याला मी पॅनेलसमोर बसू देत नाही. एकच डिटेक्टर पुन्हा पुन्हा खोटं बोलत असेल तर तो साफ करा किंवा बदला. आयसोलेट करून (यंत्रणेतून तोडून) मोकळे होऊ नका. वेल्डिंगसाठी आयसोलेट करावाच लागला, तर किती वाजता केला आणि किती वाजता परत घेणार, हे हँडओव्हरच्या वहीत लिहा. तोंडी सांगितलेलं वॉच बदलताना हवेत विरतं.

इमर्जन्सी जनरेटर : नुसता सुरू करून बंद केला म्हणजे टेस्ट नव्हे

मेन पॉवर गेली की इमर्जन्सी जनरेटरने आपणहून सुरू होऊन 45 सेकंदांच्या आत इमर्जन्सी स्विचबोर्डवर लोड घ्यायचा असतो आणि प्रवासी जहाजावर 36 तास पुरेल एवढी तयारी ठेवायची असते. ही सोलासची, म्हणजे जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराची, अट आहे. म्हणूनच तो इंजिन रूममध्ये नसतो. वरच्या डेकवर त्याची स्वतंत्र खोली असते, स्वतःची टाकी असते, स्वतःची बॅटरी असते. मधल्या काही क्षणांसाठी बॅटरीवरचे दिवे.

आता दर आठवड्याची टेस्ट कशी होते ते बघा. जुनिअर वर जातो, सिलेक्टर मॅन्युअलवर घेतो, बटण दाबतो, दहा मिनिटं बिनलोडचा चालवतो, बंद करतो आणि लॉगमध्ये ‘समाधानकारक’ लिहितो. यात काय तपासलं? इंजिन फिरतं, एवढंच. वीज गेल्याचं त्याला कळतं का, ब्रेकर (वीज जोडणारा स्विच) स्वतःहून बसतो का, लोड आल्यावर इंजिन तग धरतं का, यातलं काहीच तपासलं नाही.

एका जहाजावर मी थर्ड इंजिनिअर होतो. रात्री नांगरावर असताना इंधनात पाणी आलं आणि चालू जनरेटर बंद पडला. स्टँडबायनेही (राखीव जनरेटरनेही) बोर्ड घेतला नाही. कंट्रोल रूममध्ये बॅटरीचे दिवे लागले, पंखे थांबले आणि जहाजावर कधीच नसते तशी शांतता झाली. आम्ही सगळे घड्याळाकडे बघत होतो. 45 सेकंद गेली. एक मिनिट गेलं. वरून काहीच नाही. ईटीओ, म्हणजे विजेचं काम बघणारा अधिकारी, टॉर्च घेऊन जिने चढत धावला. त्याला जे दिसलं ते मी आजही प्रत्येक नव्या मुलाला सांगतो : स्टार्टर पॅनेलवरचा काळा नॉब, त्यावरचा पांढरा बाण आणि तो बाण मॅन्युअलवर. दुपारी टेस्ट झाली होती. ज्याने केली त्याला ड्रिलला पोचायची घाई होती, म्हणून जनरेटर बंद करून तो तसाच निघाला. लॉगमध्ये टेस्टची नोंद चोख होती.

ईटीओने हाताने सुरू केला, ब्रेकर बसवला, दिवे आले. मधल्या काळात दोन लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकल्या होत्या. एकीत एक आजीबाई व्हीलचेअरवर होत्या. त्यांचा हात धरून बसलेली स्टुअर्डेस बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. जहाज नांगरावर होतं आणि समुद्र शांत होता म्हणून निभावलं. हेच अरुंद चॅनेलमध्ये झालं असतं तर स्टिअरिंगही गेलं असतं.

चीफ इंजिनिअर साहेबांनी दुसऱ्याच दिवशी पद्धत बदलली आणि ती मी पुढे सगळीकडे नेली. टेस्टला दोघं जायचं. एक करतो, दुसरा वाचतो. शेवटी सिलेक्टर ऑटोवर आणि ‘रेडी’चा दिवा लागलेला, हे जनरेटरच्या खोलीतूनच फोनवर कंट्रोल रूमला सांगायचं, खाली आल्यावर नाही. मी स्वतः दारापर्यंत जाऊन परत फिरतो आणि नॉबला हात लावून बघतो. तरुण पोरांना हे अति वाटतं. वाटू दे.

आणि महिन्यातून एकदा तरी खरी टेस्ट करा. ब्रिजला कळवून, लिफ्ट रिकाम्या करून, मेन बोर्डाकडून इमर्जन्सी बोर्डाकडे येणारा ब्रेकर उघडा आणि हातात स्टॉपवॉच घ्या. बोर्ड मेला की जनरेटरने स्वतः उठलं पाहिजे. लोडवर निदान अर्धा तास चालवा. डिझेल इंजिन सतत बिनलोडचं चालवलं की एक्झॉस्टमध्ये काजळी आणि अर्धवट जळलेलं तेल साचत जातं. सुरू करायचं दुसरं साधन, हायड्रॉलिक असो की स्प्रिंगचं, तेही वापरून बघा. बॅटरी ज्या दिवशी दगा देते त्याच दिवशी त्या हँडलची गरज लागते आणि बऱ्याच ठिकाणी त्याला गंज चढलेला असतो. हवेच्या झडपा पूर्ण उघडतात का, टाकीच्या तळाशी पाणी आहे का, क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह (आगीच्या वेळी इंधन तोडणारा) उघडा आहे ना, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

ब्लॅकआउटची तयारी आधीच झालेली असते

23 मार्च 2019 रोजी नॉर्वेच्या हुस्टाडविका भागात, भर वादळात, ‘व्हायकिंग स्काय’ची सगळी वीज गेली. कारण लुब ऑइल, म्हणजे इंजिनाचं वंगण. टाक्यांमधली पातळी कमी होती, जहाज हेलकावे खात होतं, पंपांना तेल नीट मिळेना आणि जनरेटर स्वतःला वाचवायला एकामागून एक ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. चौथा जनरेटर दुरुस्तीमुळे आधीच बाद होता. जहाज खडकांच्या अगदी जवळ गेलं. हेलिकॉप्टरने 479 जणांना उचलून नेलं. शांत पाण्यात पुरणारी पातळी वादळात पुरत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने साउंडिंग घेऊन (टाकीतली पातळी मोजून) नुसता आकडा लिहू नये. हवामान बिघडणार असा अंदाज आला की मी आधी सम्प टाक्या (इंजिनखालच्या वंगणाच्या टाक्या) भरून घेतो. तेलाचा खर्च वाचवल्याबद्दल शाबासकी मिळवायची वेळ ती नव्हे.

ब्लॅकआउटनंतरची ठरलेली चूक म्हणजे घाईने ब्रेकर ढकलणं. कारण न शोधता, मोठे लोड न काढता जनरेटर बोर्डवर घेतला की तो परत बंद पडतो, आणि इंजिन सुरू करायला लागणारी हवेच्या बाटल्यांमधली स्टार्टिंग एअर मोजकीच असते. आधी पॅनेलवर सगळ्यात पहिला अलार्म कोणता आला ते वाचा.

फायर डोअरला पाचर

ट्रॉली नेताना दार मध्ये येतं म्हणून लाकडाची पाचर, दोरी, कधी घडी घातलेला पुठ्ठा. फायर डोअर उघडं ठेवायचं असेल तर ते मॅग्नेटवर ठेवायचं, म्हणजे ब्रिजवरून एका बटणात सुटतं. साध्या हुकाने अडकवायला सोलासमध्ये सक्त मनाई आहे. ए-60 दर्जाचं दार आग तासभर अडवतं, पण बंद असलं तरच. 7 एप्रिल 1990 रोजी ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या फेरीवर 159 माणसं गेली, बहुतेक धुराने. कॉरिडॉरच्या भिंतींवरचं लॅमिनेट जळून विषारी वायू होत होता, आणि नव्याने रुजू झालेल्या खलाशांची एकत्र ड्रिल झालेली नव्हती. पाचर दिसली की मी ती खिशात घालतो आणि त्या विभागाच्या प्रमुखाच्या टेबलावर नेऊन ठेवतो. दोन-तीनदा केलं की थांबतं.

थोडक्यात, पण विसरू नका

लॉन्ड्रीच्या डक्टमधला कापसासारखा लिंट वेळच्या वेळी काढा. 1998 मध्ये मायामीजवळ ‘एक्स्टसी’वर लॉन्ड्रीतल्या वेल्डिंगची ठिणगी लिंटवर पडली आणि आग डक्टमधून थेट मागच्या मूरिंग डेकवरच्या, म्हणजे जहाज बांधायच्या जागेवरच्या, दोरांपर्यंत गेली.

हॉट वर्क परमिटवर सही करण्याआधी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते जाऊन बघा.

220 अंशांपेक्षा जास्त तापणाऱ्या पृष्ठभागावर लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) लागतं. दुरुस्तीसाठी काढलेलं लॅगिंग त्याच शिफ्टमध्ये परत बसवा, उद्यावर ढकलू नका. इंधनाच्या पाइपची तुषार अडवणारी कव्हरं तशीच.

नवी केबल टाकली की बल्कहेडचं (जहाजातल्या भिंतीचं) भोक त्याच दिवशी सील करा.

स्प्रिंकलरच्या हेडला रंग लावू नका, हँगरही लटकवू नका.

बाल्कनीतून सिगारेट फेकणाऱ्या प्रवाशाला लगेच टोका, तक्रारीची भीती बाळगू नका. 2006 मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कनीतून आग भडकली. तिचं संभाव्य कारण टाकलेली सिगारेट होती आणि त्या धुराने एक प्रवासी गेला.

तपासणीच्या आदल्या रात्रीची धावपळ

अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेणाऱ्या परदेशी जहाजाची तिथलं कोस्ट गार्ड वर्षातून दोनदा तपासणी करतं. आदल्या रात्री सगळीकडे रंगाचे ब्रश फिरतात. ताजा रंग बघितला की अनुभवी अधिकारी तिथेच वाकतो. गळणाऱ्या जोडाखाली चिंधी लपवली आणि ती सापडली की पुढची प्रत्येक जागा तो संशयाने बघतो, आणि त्याचं बरोबरच आहे. बिघाड असेल तर स्वतः सांगा : काय बिघडलं, पार्ट कधी मागवला, तोवर काय सोय केली. मी हेच करत आलो आहे आणि सांगितलेल्या बिघाडापायी जहाज अडकलेलं मी पाहिलेलं नाही.

अधिकारी चीफला विचारत बसत नाही. समोर दिसेल त्या सर्वांत नव्या माणसाला म्हणतो, हा इमर्जन्सी फायर पंप सुरू करून दाखव. म्हणून पाठ केलेली उत्तरं देऊ नका, पंप हाताने सुरू करायला शिका. ड्रिलसुद्धा दर वेळी त्याच लॉन्ड्रीत, त्याच वेळेला, सगळ्यांना आधी सांगून करू नका. कधी मुख्य जिना धुराने बंद आहे असं जाहीर करा, कधी टीम लीडर जखमी आहे म्हणून बाजूला बसवा. आणि ब्रीदिंग ॲपरेटस (धुरात श्वास घ्यायचं सिलिंडर-मास्कचं साधन) घालताना मास्कची गळती तपासायला वेळ नाही म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. सिलिंडरचं प्रेशर त्याने स्वतः मोठ्याने वाचावं, बाहेरच्या माणसाने वेळेसकट बोर्डवर लिहावं, मगच त्याला दारातून आत सोडावं.