नागपूरला गेलात की एकदा सावजीऐवजी थाई

बाजारहाटाला किंवा दवाखान्याच्या कामाने नागपूरला गेलो की जेवायला पाय आपोआप सावजीकडे वळतात. एखाद्या खेपेला नव्या थाई हॉटेलात शिरून पाहा, तिखटाची सवय असलेल्या जिभेला ते फार परकं वाटत नाही. सुरुवात मसामन करीने करा. बटाटा, शेंगदाणे, नारळाचं दूध आणि दालचिनी-वेलचीचा वास, म्हणजे आपल्या रश्श्याची लांबची बहीणच. हिरवी करी दिसायला सौम्य, पण ती ताज्या हिरव्या मिरच्यांची असते. बऱ्याचदा लाल करीपेक्षाही झणझणीत लागते. तिच्यात गवती चहाच्या काड्या आणि लिंबाची जाड पानं सापडतील. ती चावू नका, ताटाच्या कडेला काढून ठेवा. माझ्या आईने अशीच एक काडी हातात धरून वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या परसातला गवती चहा!" मग ती पोटभर जेवली.

शाकाहारी असाल तर ऑर्डर देण्याआधीच विचारा. नुसत्या भाज्यांच्या करीतही माशांचा सॉस किंवा वाटणात झिंगे असू शकतात. शेंगदाणे सोसत नसतील तर तेही सांगा. दोन करी मधोमध ठेवून सगळ्यांनी भातासोबत वाटून खा, थायलंडात तसंच जेवतात.