ट्रेनिंगचा आराखडा करण्याआधी वॉर्डात उभं राहा

आरोग्यसेवकांचं काम आणि प्रशिक्षण सुधारण्यावर संशोधन करायला येणारे बहुतेक नवखे एकच आराखडा घेऊन येतात. एक कार्यशाळा, सुरुवातीला पूर्वचाचणी, शेवटी उत्तरचाचणी. गुण वाढले की निष्कर्ष तयार: ट्रेनिंग परिणामकारक. गुण वाढतातच हो. दोन तास एखादा विषय शिकवून लगेच त्याच्यावरच प्रश्न विचारले, तर दुसरं काय होणार? असा आराखडा समोर आला की मी विचारते, यात रुग्ण कुठे आहे?

डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या, त्या आजही उपयोगी पडतात. शिकणाऱ्याला आवडलं का, तो शिकला का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्यातून काही साधलं का. पहिल्या दोन पायऱ्या मोजायला सोप्या, म्हणून ढीगभर प्रबंध तिथेच थांबतात. तुमचा प्रश्न निदान तिसऱ्या पायरीवरचा असू द्या.

हात धुण्याचंच घ्या. इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात क्लोरिनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. तरी त्याच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी ते मानलं नाही. आज न मानणारा कोणी सापडणार नाही, पण हात मात्र दरवेळी धुतले जात नाहीत. का, ते वॉर्डात उभं राहिल्यावर कळतं. बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असतं. सॅनिटायझरची बाटली रिकामी असते. सारखे धुऊन हातांची त्वचा फुटलेली असते. एकाच वेळी तीन खाटांवरून हाक येते. यातल्या एकाही कारणावर व्याख्यान हा उपाय नाही, आणि तरी हात धुण्यावर दरवर्षी व्याख्यानं होतात.

म्हणून आधी काही दिवस नुसतं बघा. दिवसपाळीवर समाधान मानू नका, रात्रपाळीला जा, सुट्टीच्या दिवशी जा. शिफ्ट बदलताना एकमेकींना काय सांगितलं जातं आणि काय सांगायचं राहतं, ते ऐका. कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस जरा नीट वागतो, म्हणून पहिल्या दिवसांच्या नोंदी हिशेबात धरू नका. लोकांना तुमची सवय झाली की खरं काम दिसू लागतं. मोजायला लागण्यापूर्वी व्याख्या पक्की करा. ‘हात धुतले’ म्हणजे रुग्णाला शिवण्याआधी की नंतर? जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायचे पाच प्रसंग ठरवून दिलेत, त्यातले तुम्ही कोणते मोजणार? दोन निरीक्षकांनी एकच प्रसंग स्वतंत्रपणे नोंदवावा आणि मग ताडून बघावं. नोंदी जुळत नसतील तर दोष बहुधा तुमच्या फॉर्ममध्ये असतो.

आता थोडं रचनेबद्दल. ‘आधी आणि नंतर’ ही तुलना मोहात पाडते. पण सुधारणेचे कार्यक्रम सहसा परिस्थिती फारच बिघडल्यावर सुरू होतात, आणि फार बिघडलेले आकडे पुष्कळदा काही न करताही सुधारतात. शिवाय मधल्या काळात रेसिडेंटची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांची, बॅच बदललेली असते, ऋतू बदललेला असतो. तुलनेसाठी दुसरा गट हवाच. मात्र एकाच वॉर्डातल्या निम्म्या सिस्टरना शिकवून निम्म्यांना वगळता येत नाही, कारण त्या एकमेकींशी बोलतात (आणि बोलायलाच हव्यात). म्हणून अख्खे वॉर्ड किंवा अख्खी रुग्णालयं चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटतात. तिथे तुलना वॉर्डांची होते, म्हणून रुग्ण हजार असले आणि वॉर्ड चारच असले तर तुमचा अभ्यास लहानच. संख्याशास्त्रज्ञाकडे जायचं ते या टप्प्यावर. डेटा गोळा करून मग जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

एकाच उपायाबद्दल वेगवेगळं सांगणारे अभ्यास जोडीने वाचा. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा चेकलिस्टचा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांमधला अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. जगभर उत्साह पसरला. मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा अभ्यास आला. तिथे १०१ रुग्णालयांत चेकलिस्ट लागू झाली होती, आणि मृत्यूंत लक्षणीय घट सापडली नाही. कागदावरच्या खुणा मोजल्या तर चेकलिस्ट सगळीकडे ‘वापरात’ असते. भूल देणारा, सर्जन आणि सिस्टर खरोखर क्षणभर थांबून एकमेकांशी बोलतात का, हे त्या खुणांतून कळत नाही.

त्याहून बोचरा आहे उत्तर प्रदेशातला बेटरबर्थ हा अभ्यास, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. १२० आरोग्यकेंद्रं, सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट आणि ती वापरायला मदत म्हणून प्रशिक्षकांच्या नियमित भेटी. दोन महिन्यांनी, जिथे हा कार्यक्रम होता तिथे आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. भेटी संपल्यानंतर, बाराव्या महिन्यात, पहिला आकडा ६२ च्या आसपास घसरला. आणि माता-बालकांच्या मृत्यूंत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे कर्कपॅट्रिकची तिसरी पायरी गाठली तरी चौथी आपोआप गाठली जात नाही. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. इतक्या मोठ्या प्रमाणावर इतकं प्रामाणिक ‘नाही’ क्वचितच वाचायला मिळतं.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. कामाचं ऑडिट करून ते आकडे कर्मचाऱ्यांना दाखवणं हा आपल्या क्षेत्रातल्या सर्वांत जास्त तपासलेल्या उपायांपैकी एक. एका विषयावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १४० अभ्यास होते आणि त्यांतली मधली सुधारणा सुमारे चार टक्के-बिंदूंची (म्हणजे ४० टक्क्यांवरून ४४ इतकीच) होती. कोणी प्रस्तावात ‘४० वरून ९० टक्के’ लिहिलं की मला पुढचं पान उलटवत नाही.

संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा अर्ज भरताना रुग्णांच्या गोपनीयतेबद्दल सगळे लिहितात, पण इथे अभ्यास कर्मचाऱ्यांचा होत असतो. विभागप्रमुख शेजारी उभे असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे. कोण चुकलं हे नावानिशी वरिष्ठांपर्यंत पोचणार नाही, अशी सोय आधी करा आणि ती लेखी दाखवा. निरीक्षण करताना तुमच्या डोळ्यांदेखत चुकीचं औषध दिलं जात असेल तर काय कराल, हेही आधीच ठरवा. माझ्या मते बोलायचंच, त्या क्षणी, नोंद बिघडली तरी बेहत्तर. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, तसं वाक्य असावं.

या कामाला डॉक्टरच लागतो असं नाही. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते, समाजशास्त्राचे पदवीधर, सगळे इथे रुळतात. परिचारिकांचा तर मला हेवा वाटतो, कारण बाहेरच्या माणसाला दिसायला आठवडे लागतात ते त्यांना ठाऊकच असतं. मुलाखत घेण्याचं तंत्र मात्र शिकून घ्या. डॉक्टरांना समोरच्याचं वाक्य मध्येच तोडायची सवय असते, ती मोडावी लागते.

शेवटी लिखाण. सुधारणेच्या कामाचा अहवाल कसा लिहावा यासाठी ‘स्क्वायर’ नावाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्या काम सुरू होण्याआधी वाचा. मग पहिल्या दिवसापासून वही ठेवता येते: ठरलेल्या सत्रांपैकी किती झाली, कोण आलं, कोणाची मध्येच बदली झाली, साबण कधी संपला. परिणाम दिसला नाही तर कल्पनाच चुकीची होती की ती धड अमलातच आली नाही, हे त्या वहीवरून सांगता येतं.